ठेव मोडायची, पण कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की गेल्या हंगामात ट्राउट माशाच्या शंभरातल्या चाळीस पिल्लांनी टाकीतच मान टाकली. तपासणीत ‘फ्लेवोबॅक्टेरियम सायक्रोफिलम’ निघाला, म्हणजे थंड पाण्यातला जिवाणूरोग. आता मुदत ठेव मोडून येणाऱ्या पाण्यावर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचं यंत्र, बसवायचं आणि तूट भरून काढायला दुप्पट अंडी आणायची, असा बेत आहे.

दुप्पट अंडी आणू नका. यूव्हीचं नंतर बोलू.

आधी तुमचा हिशोब. त्यात मेलेली पिल्लं अंड्यांच्या भावाने धरलीत, म्हणून तोटा किरकोळ दिसतो. मोठा खड्डा जगलेल्यांत आहे. या रोगातून वाचलेल्या काही माशांचा कणा वाकडा राहतो, काही गरगर फिरत पोहतात. ते विक्रीपर्यंत खाद्य खातात आणि ऐन विक्रीच्या दिवशी गिऱ्हाईक त्यांना बाजूला काढतं. तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, ‘थोडे वाकडे निघाले’. थोडे म्हणजे किती? प्रत्येक टाकीतले शंभर मासे जाळीत घ्या, वाकडे वेगळे मोजा आणि त्यांनी आजवर खाल्लेलं खाद्य तोट्यात लिहा. मला वाटतं, तुमचा आकडा तिथेच बदलेल.

आता यूव्ही. ते पाण्यातून येणारे जंतू मारतं, ते खरं. पण हा जिवाणू अंड्याच्या आतूनही येतो. आयोडीनच्या द्रावणात अंडी बुडवली की वरचे मरतात, आतले तसेच राहतात. चोर पाळण्यातून घरात शिरतोय आणि आपण फाटकाला कुलूप लावतोय! शिवाय पाणी १६ अंशांच्या खालीच असणार, ट्राउटला तेच लागतं आणि याही जिवाणूला तेच मानवतं. त्यात पिल्लांची दाटी दुप्पट केलीत, तर शंभरात चाळीसवर थांबेल याची खात्री कोण देणार? औषधावरही भिस्त ठेवू नका. फ्लॉरफेनिकॉल हे प्रतिजैविक खाद्यातून द्यावं लागतं आणि आजारी पिल्लू खायलाच येत नाही.

म्हणून माझं मत असं: घरखर्चाचे सहा महिने ठेवीत राहू द्या, त्याला हात नाही. वरच्या रकमेतून, पैदाशीच्या माद्यांची तपासणी करणाऱ्या हॅचरीची, म्हणजे मत्स्यबीज केंद्राची, अंडी घ्या. महाग पडली तरी चालतील, संख्या मात्र गेल्या वेळेपेक्षा कमीच. या रोगाशी झुंजण्याची ताकद काही अंशी वंशातून येते. अमेरिकेत लीटाउनच्या संशोधन केंद्राने निवड करत अशी ट्राउटची जात तयार केली आहे. तेव्हा हॅचरीला वाणाबद्दल विचारायला संकोच नको. काही टाक्यांत पिल्लांऐवजी बोटुकली, म्हणजे बोटाएवढे वाढलेले मासे, सोडून पाहा. हा रोग सर्वांत जास्त बळी घेतो तो अगदी लहान पिल्लांचे, ते वय दुसऱ्याच्या टाकीत निघून जातं. जाळी, बादली, ब्रश मात्र टाकीगणिक वेगळे. खर्च नगण्य आहे.

विमा आहे म्हणता. रोगाने मेलेलं पिल्लू त्यात बसतं का आणि किती वजनापासून, एवढं वाचून घ्या.

यूव्हीचं कोटेशन फाडू नका. एक तुकडी विक्रीपर्यंत गेली की मेलेले आणि वाकडे, दोन्ही आकडे घेऊन पुन्हा लिहा.