युगांडातल्या वीजप्रकल्पात १५ लाख गुंतवावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावसभाऊ कंपालात नोकरीला आहे, त्याच्या ओळखीतली मंडळी पश्चिम युगांडात ५ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारणार आहेत आणि तुम्ही त्यात १५ लाख रुपये घालावेत असं त्यांचं म्हणणं आहे. कारणं तीन दिली आहेत. युगांडाने वीजक्षेत्रात केव्हाच सुधारणा केल्यात, सरकारी कंपनी वीस वर्षं वीज विकत घेण्याचा करार करते, आणि दर डॉलरमध्ये ठरतो.

तिन्ही कारणं खरी आहेत. तरी मी आज यात पैसे घालणार नाही.

मी काही वर्षं कंपालाजवळच्या एका कारखान्यात हिशेब पाहत होतो. विजेचं बिल माझ्या टेबलावरून जायचं, आणि ज्या कंपनीचं ते बिल असायचं त्या उमेमे नावाच्या खासगी वितरण कंपनीचे थोडे शेअरही माझ्याकडे होते. दर वाढला की कारखान्याचा माणूस म्हणून कपाळाला हात लावायचा आणि भागधारक म्हणून गप्प बसायचं, असा तो प्रकार. त्यामुळे ही सुधारणा दोन्ही बाजूंनी बघायला मिळाली.

तिथला क्रम असा. १९९९ साली वीज कायदा झाला, पाठोपाठ वीज नियामक प्राधिकरण आलं, आणि २००१ मध्ये जुन्या वीज मंडळाचे निर्मिती, पारेषण, वितरण असे तीन तुकडे झाले. आपल्या एमएसईबीचं २००५ मध्ये जे झालं तेच, फक्त आधी. मग व्हिक्टोरिया सरोवराच्या तोंडावरच्या जिंजा शहराजवळची दोन सरकारी धरणं एस्कॉम या दक्षिण आफ्रिकी कंपनीला चालवायला दिली आणि वितरणाचं जाळं २००५ च्या मार्चपासून २० वर्षांसाठी उमेमेला. तारा, खांब, उपकेंद्रं सरकारी कंपनीच्याच मालकीची राहिली. उमेमेने ती भाड्याने घ्यायची, त्यात स्वतःचे पैसे घालायचे, वसुली करायची. भिवंडीत महावितरणने २००७ मध्ये टोरंटला जे काम दिलं त्याच जातीची ही व्यवस्था, फक्त एका शहराऐवजी जवळजवळ अख्ख्या देशाची.

आणि काम झालं. उमेमे आली तेव्हा शंभर युनिटमधली सुमारे ३८ युनिटं चोरीत आणि तारांत जात होती, शेवटी शेवटी ते १६-१७ वर आलं. तीन लाखांच्या आत असलेले ग्राहक वीस लाखांच्या पुढे गेले. घरोघरी 'याका' नावाची प्रीपेड मीटरं बसली, आधी मोबाइलवरून पैसे भरा मग दिवा लावा, त्यामुळे थकबाकी हा प्रकारच जवळपास संपला. बिल थकवून वर वायरमनला दम देणारी गिऱ्हाइकं आपण पाहिलेली असतात, म्हणून याचं मोल कळतं.

या कामाला पैसे कुठून आले? इथे नीट लक्ष द्या. उमेमेने जाळ्यात जे भांडवल घातलं, त्यावर करारात डॉलरमध्ये वर्षाला २० टक्के परतावा बांधून दिला होता आणि तो ग्राहकाच्या दरातून वसूल होणार होता. शिवाय शिलिंगचा (तिथल्या चलनाचा) भाव, इंधनाचा भाव आणि महागाई पाहून नियामक दर तीन महिन्यांनी दर बदलत असे. गुंतवणूकदाराला याहून काय हवं? २००५ मध्ये कोणी धड बोली लावायला तयार नव्हतं, त्या काळात असं काही दिल्याशिवाय कोणी आलंही नसतं, हे मी मान्य करतो. पण वीस टक्के डॉलरमध्ये हा आकडा ज्या दिवशी वर्तमानपत्रात आला आणि खासदारांच्या तोंडी बसला, त्या दिवसापासून त्या कराराचे दिवस भरत आले होते.

सुरुवातच वाईट झाली होती. २००५-०६ मध्ये पाऊस कमी झाला, व्हिक्टोरिया सरोवराची पातळी घसरली, आणि देशाची जवळजवळ सगळी वीज त्या एकाच सरोवराच्या तोंडावरून येत असल्याने दिवसाआड अंधार पडू लागला. भाड्याचे डिझेल जनरेटर आणले गेले. उमेमेचा करार २००६ मध्येच दुरुस्त करावा लागला. डिझेलचा बोजा सरकारने काही वर्षं अनुदानाने झेलला, आणि जानेवारी २०१२ मध्ये ते अनुदान काढलं तेव्हा घरगुती दर एका फटक्यात एक तृतीयांशाहून जास्त वाढला.

त्याच वर्षी बुजागाली धरण पूर्ण झालं, २५० मेगावॉट, खासगी पैशाचं. अंधार सरला, पण करार असा की वीज उचला न उचला, क्षमतेचे पैसे द्यावेच लागणार. दाभोळच्या वेळी आपल्याकडे जो वाद पेटला तोच हा. फरक इतकाच की युगांडाने प्रकल्प बंद पाडला नाही. करमाफी दिली, २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या परिवारातल्या संस्थांना घेऊन कर्जाची फेरआखणी केली, आणि दर खाली ओढला. पैसे बुडवले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

आता शेअरबाजार. उमेमे २०१२ च्या अखेरीस कंपालाच्या बाजारात आली, २७५ शिलिंगला एक शेअर, आणि लगेच नैरोबीतही नोंदली गेली. लाभांश नियमित यायचा. ज्या ॲक्टिस या ब्रिटिश फंडाच्या हाती कंपनी होती, तो २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण बाहेर पडला. त्याची जागा घेतली युगांडाच्या भविष्य निर्वाह निधीने, म्हणजे तिथल्या नोकरदारांच्या पगारातून कापलेल्या पैशाने. सुमारे २३ टक्के शेअर त्याच्याकडे. शहाणा पैसा आधी आला आणि आधी गेला, पेन्शनीचा पैसा शेवटपर्यंत बसून राहिला.

राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी उमेमेवर जाहीरपणे चिडलेले होतेच. कारखान्यांना युनिट ५ अमेरिकी सेंटला मिळालं पाहिजे हा त्यांचा धोशा, आणि वीस टक्के परताव्यासोबत ते गणित बसत नाही. कराराला मुदतवाढ मिळाली नाही. ३१ मार्च २०२५ ला तो संपला आणि दुसऱ्या दिवशी सरकारी वितरण कंपनीने ताबा घेतला.

खरी मेख इथून पुढे आहे. करारात लिहिलं होतं की जे भांडवल दरातून अजून वसूल झालेलं नाही ते सरकार शेवटी परत देईल. महालेखापरीक्षकांनी तपासून सरकारने ११.८ कोटी डॉलर दिले. कंपनी म्हणाली, आमचे २९ कोटींच्या आसपास होतात. प्रकरण लंडनला लवादाकडे गेलं. कोण बरोबर ते लवाद बघेल. पण वीस वर्षांत कुणी बिल थकवलं म्हणून या गुंतवणुकीला धक्का बसला नाही. धक्का बसला तो शेवटच्या दिवशीच्या हिशेबाने. कोणता खर्च मंजूर, कोणता नामंजूर, हे ठरवणारा आणि पैसे देणारा दोन्ही सरकारच.

म्हणून मी म्हणतो की वीजक्षेत्रात पैसे घालणारा माणूस वीज विकत घेत नसतो, तो सरकारबरोबरचा एक कागद विकत घेत असतो. त्या कागदाचं मला सर्वात आधी वाचायचं पान म्हणजे करार संपण्याचं कलम.

तुमच्या प्रकल्पाकडे येऊ. त्याची वीज सरकारी पारेषण कंपनी घेणार, तिथे घाऊक खरेदीदार तीच. २०१३ पासून काही वर्षं जर्मन विकास बँकेच्या मदतीने 'गेट फिट' नावाची योजना चालली, तिच्यात लहान जलविद्युत आणि सौर प्रकल्पांना दरावर वर अनुदान मिळालं आणि बरेच प्रकल्प उभे राहिले. तुमच्या भावाचे मित्र ज्या यशाच्या गोष्टी सांगतात त्या बहुतेक तेव्हाच्या. तेव्हा वीज कमी होती. त्यानंतर २०१९ मध्ये इसिंबा (१८३ मेगावॉट) आणि २०२४ मध्ये चिनी कर्जावरचं करुमा (६०० मेगावॉट) आलं. स्थापित क्षमता २,००० मेगावॉटच्या आसपास गेली, आणि कमाल मागणी तिच्या निम्म्याच्या आगेमागे. ज्याच्याकडे पडून असलेली वीज आहे आणि ज्याला दर ५ सेंटवर न्यायचा आहे, तो खरेदीदार नव्या ५ मेगावॉटवाल्याला चढा दर का देईल?

डॉलरमधला दर हा तुम्हाला आधार वाटतोय. मला तोच धोका वाटतो. घरातला माणूस याकामध्ये शिलिंग भरतो. २००५ मध्ये डॉलरला १,८०० च्या आसपास असलेला शिलिंग वीस वर्षांत ३,६०० पर्यंत उतरला. मधला फरक कुणीतरी भरतोच: आधी ग्राहक, मग अर्थखातं, आणि दोघंही थकले की पुढच्या करारात गुंतवणूकदार.

जागेचंही बघा. पश्चिमेकडच्या रुवेन्झोरी डोंगराच्या नद्या उतारामुळे छोट्या प्रकल्पांना सोयीच्या, पण २०२० च्या मे महिन्यात त्याच डोंगराच्या पायथ्याच्या कासेसेत पुराने काय केलं ते तिथल्या कुणालाही विचारा. शिवाय तिकडची लाइन वारंवार बंद पडली तर तुमचं यंत्र फिरायला तयार असूनही वीज जाणार नाही. अशा न उचललेल्या विजेचे पैसे मिळण्याची तरतूद काही करारांत असते. तुमच्यात आहे का?

आणि सगळ्यात साधा हिशेब. लहान जलविद्युतला मेगावॉटमागे २५-३० लाख डॉलर सहज लागतात, म्हणजे हा प्रकल्प दीड कोटी डॉलरच्या आगेमागे जाणार. तुमचे १५ लाख रुपये त्यातला हजारातला एखादा वाटा. ज्याच्या हातात परवाना आणि खरेदी करार आहे, तो विकास बँकांच्या दारात जातो, नात्यागोत्यातून १५-१५ लाख गोळा करत बसत नाही. माझा अंदाज असा की हे पैसे अभ्यास, सर्वेक्षण आणि कागदपत्रांच्या टप्प्यासाठी हवे आहेत. तो टप्पा फसवणुकीचा असतोच असं नाही, पण सर्वाधिक प्रकल्प तिथेच मरतात, आणि मेले की परत द्यायला काही उरत नाही. उमेमेच्या भागधारकाला निदान बाजारात शेअर विकता येत होते. खासगी कंपनीतला तुमचा चिमूटभर हिस्सा कोण घेणार?

भावाला दुखवायचं नसेल तर त्याच्याकडून एवढं मागवा: नियामकाकडून मिळालंय ते अभ्यासाचं परमिट आहे की निर्मितीचा परवाना (दोन्ही वेगळे, आणि नियामकाकडे तपासून घेता येतं); पारेषण कंपनीबरोबरचा सही झालेला खरेदी करार, मसुदा नव्हे; आणि त्यातलं करार संपण्याचं कलम. हे तिन्ही आले तर पुन्हा इथेच लिहा, मी वाचून सांगेन. आफ्रिकेतल्या वीजवाढीत भाग घ्यायचीच हौस असेल तर तिकडे मनोरे आणि लाइनी उभारणाऱ्या केईसी, कल्पतरू यांसारख्या आपल्याच बाजारातल्या कंपन्या अभ्यासा. त्यांचाही धंदा चढउताराचा, पण विकायचं म्हटलं तर उद्या विकता येतं.

शेवटी पैसे पाठवायचं ठरवलंच, तर ते बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक २.५ लाख डॉलरच्या मर्यादेत, परदेशी गुंतवणूक म्हणून आणि फॉर्म एफसी भरून पाठवा. नोंदणी नसलेल्या कंपनीचे शेअर २०२२ च्या नियमांनुसार थेट गुंतवणुकीत मोडतात. भावाच्या खात्यावर 'घरखर्चासाठी' म्हणून पाठवू नका, तो कितीही सोपं आहे म्हणाला तरी. तसं केलंत तर कंपनीच्या वहीत भागधारक तो असेल, तुम्ही नाही.