वाचक विचारतात : बातमी नदीची आणि बाबा कारखान्यात

प्रश्न : ताई नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली, मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. ओजेटी (कोर्समधलं ऑन जॉब ट्रेनिंग) म्हणून इथल्याच एका पेपरमध्ये दोन महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे. पर्यावरणावर लिहायचं म्हणून गेले पण तीन आठवडे झाले प्रेसनोट टाइप करणं आणि वृक्षारोपणाच्या फोटोखाली नावं घालणं एवढंच काम मिळतंय. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आमच्या गावाजवळ नदीत मासे मरून वर आले. मी फोटो काढलेत, पाणीपण एका बाटलीत भरून आणलंय. सगळे म्हणतात साखर कारखान्याचं पाणी. त्या कारखान्यात माझे बाबा वीस वर्षं नोकरीला आहेत. संपादक म्हणतात लिही, आई म्हणते गप्प बस. काय करू?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी बाबांचं बोलूया, कारण बाकीचं सगळं शिकता येतं पण हे आधी मिटवायला लागतं.

उद्या ऑफिसला गेलीस की संपादकांना सरळ सांग की माझे वडील त्या कारखान्यात आहेत, आणि नुसतं तोंडी नको, दोन ओळींचा मेल करून ठेव. त्यांना हे माहीत नसेल म्हणूनच ते लिही म्हणतायत असं मला वाटतं. कारखान्याचं नाव येईल ती बातमी तू करायची नाहीस, तुझे फोटो आणि टिपणं दुसऱ्या रिपोर्टरला द्यायची. तू कारखान्याच्या विरोधात लिहिलंस तर बाबांच्या नोकरीवर येईल, बाजूनं लिहिलंस तर गावातलं कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि अगदी खरं लिहिलंस तरी लोक आडनाव बघूनच वाचणार. यात गप्प बसणं कुठंच नाहीये हे आईलापण सांग, बातमी होणारच आहे फक्त दुसऱ्याच्या हातून. अजून एक, घरी जेवताना बाबा जे काही बोलतील ते ऑफिसात न्यायचं नाही. ते तुझ्याशी मुलगी म्हणून बोलतात, रिपोर्टर म्हणून नाही.

आता माशांचं. "सगळे म्हणतात" यावर बातमी उभी राहत नाही. बघ, साखर कारखान्याचं गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपतं, मासे मेले जूनमध्ये. म्हणजे कारखाना सुटला असं नाही, मळीपासून अल्कोहोल काढणारी त्याची डिस्टिलरी गाळपानंतरही चालू असू शकते, आणि साठवून ठेवलेलं पाणी पहिल्या पावसाच्या आडोशानं सोडतात ही नदीकाठची जुनी तक्रार आहे, पण मग तेच तपासायला लागेल, डिस्टिलरी त्या दिवशी चालू होती का, ओढ्याला रंग कसला होता, वास कसला होता, पाणी कुठून खाली आलं. दुसरीकडं उन्हाळाभर नदी आटलेली असते, शहराचं सांडपाणी तर बारा महिने येतंच, सांगलीत ते नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न कितीतरी वर्षं आपण ऐकतोय, आणि ओढ्यानाल्यात साचलेली सगळी घाण पहिल्या जोराच्या पावसात एकदम नदीत येते. मळी असो नाहीतर मैला, तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि मासे गुदमरतात. आंघोळीलायक पाण्यात लिटरला निदान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन पाहिजे आणि बीओडी, म्हणजे घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, ३ मिलिग्रॅमच्या आत पाहिजे, हे दोन आकडे पाठ करून ठेव.

आणि मेले कोणते मासे, हे कुणी विचारत नाही बघ! आपल्याकडच्या भोई लोकांना विचार, ते नाव घेऊन सांगतील. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळं पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तरी ती बऱ्यापैकी तग धरते. रोहू, कटला मेले आणि मरळ जिवंत राहिली तर ऑक्सिजन संपला असेल. मरळपण मेली असेल तर पाण्यात विषारी काहीतरी आलं का असा संशय घ्यायला जागा आहे. हा पुरावा नाही, पण पुढचा प्रश्न काय विचारायचा ते यातून कळतं.

तुझ्या बाटलीचा मात्र उपयोग नाही, वाईट वाटून घेऊ नकोस. पाण्यातला ऑक्सिजन जागेवरच मोजतात किंवा तिथंच केमिकल घालून पक्का करतात, घरी आणलेल्या पाण्यात तो बदलून गेलेला असतो. शिवाय १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याप्रमाणे नमुना घ्यायची पद्धत ठरलेली आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं तशा पद्धतीनं घेतलेला नमुनाच कोर्टात टिकतो. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सांगलीतच आहे, तिथं विचारायचं की नमुने कधी घेतले, कुठल्या ठिकाणी घेतले, मासे मेल्यानंतर किती तासांनी घेतले. कारण दोन दिवसांनी वरून नवीन पाणी आल्यावर घेतलेला नमुना स्वच्छच येणार आणि "तपासणीत काही आढळलं नाही" अशी प्रेसनोट निघणार. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकार टाकायचा, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, तेव्हा तक्रार लिहीत बसायचं नाही, तारखा आणि कागद मागायचे. इंटर्नशिप दोनच महिन्यांची म्हणून तो अर्ज पहिल्या आठवड्यातच टाकायचा असतो, तुझे तीन आठवडे गेलेत, आता थांबू नको. फक्त कारखान्याबद्दलचा अर्ज तू नाही, तो दुसरा रिपोर्टर टाकेल. तू शहराच्या सांडपाण्याचा टाक.

प्रेसनोटचं म्हणशील तर तेही काम करून घे. वृक्षारोपणाचा फोटो आला ना, मग मागच्या वर्षी ५ जूनला तिथंच लावलेली झाडं जाऊन मोज. किती जगली, कुठली लावली होती, पाणी कोण घालतं. ही बातमी तुला कुणी देणार नाही आणि कुणी अडवणारपण नाही.

पण मला खरं सांगायचंय ते हे की या दोन महिन्यांत दहा विषय करू नको, नदीचा एक घाट धर. रोज सकाळी ठरलेल्या वेळी जा, तिथूनच फोटो काढ, पाण्याचा रंग, वास, पातळी, कोण काय बोललं ते तारीख घालून वहीत लिही. पाटबंधारे खात्याचे आकडे रोज येतात, ते शेजारी लिही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, ऑगस्ट २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे माहीत असलं की आजचे २२ फूट म्हणजे काय ते तुला कळतं आणि वाचणाऱ्याला सांगता येतं. क्युसेक आणि टीएमसीत गल्लत करू नको. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते, टीएमसी म्हणजे साठा, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक लाख क्युसेक २४ तास चाललं तर साधारण साडेआठ टीएमसी होतं, आणि कोयना धरणाची पूर्ण साठवण आहे १०५.२५ टीएमसी. मी नवीन असताना माझ्या बातमीत एका रात्री या दोन शब्दांची अदलाबदल झाली, नदीकाठच्या गावांतून लोकांचे घाबरून फोन आले, जनावरं हलवायची का म्हणून. ते फोन मी अजून विसरले नाही.

पूर आला तर मात्र वही घरी. फोटोसाठी बोटीत बसायचं नाही, कुणी आग्रह केला तरी नाही. ब्रह्मनाळला २०१९ च्या पुरात बोट उलटून माणसं बुडाली, ते तुझ्या जिल्ह्याला सांगायला नको.

प्रश्न : मी साताऱ्याचा, झूलॉजी करतोय. कास पठार आणि वाघांवर लिहायचंय पण इंग्रजी कच्चं आहे. पुण्याला किंवा दिल्लीला गेल्याशिवाय चांगली इंटर्नशिप मिळेल का?

उत्तर : मिळेल. दिल्लीच्या डाउन टू अर्थ या पर्यावरणाच्या मासिकासारख्या ठिकाणी जायचं तर इंग्रजी लागेलच, पण पत्रकार पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं पारी हे ग्रामीण भारतावरचं संकेतस्थळ मराठीतही छापतं आणि विद्यार्थ्यांकडून गावातलं लिखाण घेतं, आधी तिथं लिहून बघ. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी २०१२ ला जागतिक वारशात गेले, बाहेरच्या लोकांना यातली फुलंच दिसतात. तू साताऱ्याचा आहेस, तुला माहितीये की कास तलावाचं पाणी शहरात नळाला येतं. मग पठारावरची गर्दी, गाड्या, हॉटेलांचं सांडपाणी आणि तुझ्या घरातला नळ हे एकाच बातमीत येतं की नाही? वाघांवर नंतर ये. कराडकडं ऊसतोड चालू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, वनखातं ती रात्री तिथंच ठेवतं आणि मादी येऊन घेऊन जाते, त्या तोडणीवाल्या टोळीशी बोल. झूलॉजी शिकतोयस तर "बिबट्याचा धुमाकूळ" हे शब्द तुझ्या बातमीत दिसायला नकोत, मादी पिल्लं न्यायला आली याला धुमाकूळ म्हणत नाहीत.

प्रश्न : मुलगी इंटर्नशिप करतेय, पेपरवाले एक रुपया देत नाहीत. वर पेट्रोल आमचं. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही दादा, बरोबर नाही. ओजेटीचे चार क्रेडिट म्हणजे १२० तास, तेवढे क्रेडिट मिळतात म्हणून स्टायपेंड देत नाहीत हे एकवेळ समजू शकतो, पण ऑफिसच्या कामाला पाठवलं तर एसटीचं भाडं नाहीतर पेट्रोल ऑफिसनं द्यायला पाहिजे. मुलीला सांगा तिकिटं जपून ठेवायला आणि महिन्याच्या शेवटी लेखी मागायला. नाही दिलं तर कॉलेजमध्ये तिच्या गाइड मॅडमना सांगा, पुढच्या वर्षी तिथं मुलं पाठवायची का हे त्याच ठरवतात.