पार्टिशन उडवू नका, आधी लिगसी काढा

आधी एवढंच सांगतो, बाकीचं निवांत वाचा: सेटअपमध्ये काहीही डिलीट करू नका. तुमचा डेटा जागेवर आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. लॅपटॉप २०१९ चा, आठव्या पिढीचा इंटेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ११ टाकायला घेतलंत. चुलतभावानं त्याच्या जुन्या डेस्कटॉपवर रुफस (मशीन सुरू करता येईल असा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून पेनड्राइव्ह करून दिला. त्याच्याकडं तो चालतो, तुमच्याकडं बूटच्या यादीत त्याचं नावसुद्धा येत नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानावर) यूईएफआय ही सुरू व्हायची नवी पद्धत काढून जुनी लिगसी केलंत. पेनड्राइव्ह लागला, सेटअप आला, आणि डिस्क निवडायच्या पानावर अडला: निवडलेली डिस्क जीपीटी प्रकारची (पार्टिशनचा नकाशा नव्या पद्धतीनं ठेवणारी) आहे, इथं विंडोज टाकता येणार नाही. बाहेर पडलात तर जुनं विंडोजही उघडेना, नुसतं 'नो बूटेबल डिव्हाइस'. दुकानदार म्हणतो हार्डडिस्क गेली. मित्र म्हणतो सगळी पार्टिशन उडव, सेटअप पुढं जाईल.

मित्र खोटं बोलत नाही, सेटअप खरंच पुढं जाईल. फक्त डी ड्राइव्हवरचे तीन वर्षांचे बेदाण्याचे सौदे आणि हिशेबाच्या पट्ट्या त्याबरोबर जातील. आणि दुकानदाराला एकच विचारा, डिस्क गेली असेल तर ती जीपीटी आहे हे सेटअपनं वाचलं कुठून?

झालंय ते साधं आहे. मशीन सुरू करायच्या दोन पद्धती आहेत आणि तुमच्याकडं त्यांची सरमिसळ झालीय. जुनी लिगसी पद्धत डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचते आणि त्यात असेल तो कोड आंधळेपणानं चालवते. एमबीआर म्हणतात तो हाच तुकडा, १९८३ पासूनचा. यूईएफआय पद्धत त्या कोडकडं बघतही नाही. ती फॅट३२ पार्टिशन शोधते (फॅट३२ आणि एनटीएफएस या डिस्कवर फाइली मांडायच्या दोन पद्धती), त्यात 'ईएफआय' नावाचा फोल्डर, त्यात 'बूट', आणि त्यात 'बूटएक्स६४' ही फाइल. फाइल सापडली तर पेनड्राइव्हचं नाव यादीत येतं. नाही सापडली तर त्या मशीनच्या लेखी पेनड्राइव्ह लावलेलाच नाही.

भावाचा डेस्कटॉप जुना, त्यामुळं त्यानं रुफसमध्ये एमबीआर ठेवून पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये लिहिला असणार. त्याच्या मशीनसाठी ते बरोबरच आहे. तुमच्या लॅपटॉपला मात्र फॅट३२ दिसलं नाही, म्हणून नाव नाही. लिगसी केल्यावर पेनड्राइव्ह दिसला, पण तुमची आतली डिस्क कंपनीतूनच जीपीटी आलेली, आणि लिगसीत सुरू झालेला विंडोजचा सेटअप जीपीटी डिस्कवर बसत नाही. जुनं विंडोज उघडेना तेही त्यामुळंच. ते यूईएफआयमध्ये बसवलेलं आहे, लिगसीला त्याचा दरवाजाच माहीत नाही. (विंडोज ११ च्या सेटअपनं लिगसी बघून त्याच्या आधीच 'हा पीसी चालणार नाही' म्हणून अडवायला हवं होतं. नाही अडवलं, म्हणजे रुफसनं विचारलं तेव्हा भावानं टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटची (खात्रीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) अट काढायच्या चौकटीत टिक केली असणार. तुमच्या लॅपटॉपला त्या टिकेची गरज नाही.)

तर आता बायोसमध्ये जा, लिगसीचं पुन्हा यूईएफआय करा, सिक्युअर बूट होतं तसं चालू करा, सेव्ह करून बाहेर या. पेनड्राइव्ह काढलेला असू द्या. विंडोज १० उघडायला पाहिजे. निळ्या पानावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे आणि सेटिंग हललेलं त्याच्या लक्षात आलंय, एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केला होता त्या खात्यात मोबाइलवरून लॉगइन करा, बहुतेक वेळा की तिथं ठेवलेली असते. आणि सुरू होता होता 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' आलं, तर लिगसी करताना साटाचं (डिस्कच्या जोडणीचं) सेटिंगही तुम्ही रेडवरून एएचसीआयवर नेलंय. ते परत फिरवा. एका वेळी एकच सेटिंग हलवायचं आणि हलवायच्या आधी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढायचा, ही सवय मला धंद्यात पडायला दहा वर्षं लागली.

विंडोज उघडलं की डी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आजच. याबाबतीत मी हात पोळून घेतलेला माणूस आहे. एका गुरुजींच्या लॅपटॉपवर असंच जीपीटीचं पान आलं होतं, रात्रीचे नऊ वाजलेले, दुकान बंद करायची घाई. 'सी वरचं काही नको' एवढं ते म्हणाले आणि मी पटापट चारही पार्टिशन डिलीट केली. डी मध्ये मुलीच्या लग्नाचे फोटो होते. दोन दिवस रिकव्हरी चालवत बसलो, निम्मे परत आले, त्यातल्या कित्येकांत खालचा भाग करडा. गुरुजी काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुम्हाला पेनड्राइव्ह हवाय कशाला? आठव्या पिढीचे बहुतेक सगळे इंटेल विंडोज ११ च्या यादीत आहेत. टीपीएम २.० चालू असेल (इंटेलच्या बायोसमध्ये त्याला पीटीटी म्हणतात), रॅम निदान ४ जीबी असेल, तर चालू विंडोज १० मधूनच अपग्रेड होतं. फाइली, टॅली, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहतं. लॅपटॉप रडत नसेल तर मी हेच करीन. कोरं विंडोज टाकायचंच असेल तर पुढचं वाचा.

पेनड्राइव्ह भावाकडं न करता तुमच्याच लॅपटॉपवर करा. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरलंत तर एमबीआर-जीपीटीचा प्रश्नच येत नाही, ते दोन्हीकडं चालेल असा पेनड्राइव्ह करतं. ८ जीबीचा पुरतो, आतलं सगळं पुसलं जातं. रुफसच वापरायचा असेल तर नवीन उतरवून घ्या आणि पार्टिशन स्कीम जीपीटी ठेवा. मग खाली टार्गेटमध्ये यूईएफआय आपोआप येतं. फाइल सिस्टिम एनटीएफएस दिसली तरी या वेळी हरकत नाही. विंडोजची मुख्य फाइल ४ जीबीच्या वर जाते, फॅट३२ मध्ये ती मावत नाही, म्हणून रुफस शेजारी एक इवलंसं फॅट पार्टिशन करतो आणि यूईएफआयला त्या वाटेनं आत घेतो. आयएसओ (विंडोजच्या सेटअपची एकच मोठी फाइल) मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवली असेल तर रुफसमध्येच सिलेक्टच्या शेजारी चेकसमचं, म्हणजे फाइल धड उतरली का ते तपासायचं, बटण आहे. तिथला शा-२५६ आकडा डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी जुळवा. एक अक्षर वेगळं निघालं तरी फाइल फेकून द्या.

आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून 'बूट होत नाही' म्हणणारे आठवड्याला दोन तरी येतात. तुमची ती चूक नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची असेल. हळदीचं पोतं घरात आणून ठेवलं म्हणून आमटी पिवळी होत नाही. कॉपी करून चालतं ते फक्त व्हेंटॉय (आयएसओ थेट सुरू करणारं सॉफ्टवेअर) आधी टाकलेल्या पेनड्राइव्हवर.

पेनड्राइव्ह निवडायला बूट मेनूची की: डेल, एसर आणि बहुतेक लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप मग एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरमध्ये एफ१२ आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते, त्यात पुष्कळांचा अर्धा दिवस जातो. की दाबूनही थेट विंडोजच उघडत असेल तर तो फास्ट स्टार्टअपचा गुण. शटडाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं. शिफ्ट दाबून धरा, रीस्टार्ट करा, निळ्या पानावर 'यूज अ डिव्हाइस' घ्या. यादीत पेनड्राइव्हचं नाव दोनदा आलं तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तेच निवडा.

नाव कधी येतं, कधी येत नाही, किंवा कॉपी होता होता मध्येच फाइली सापडत नाहीत म्हणतं, असं झालं तर बायोसचा नाद सोडा आणि पोर्ट बदला. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्याकडं पुरातली मशीनच येत होती. त्यातला एक सीपीयू अजून आठवतो. बोर्ड धुऊन वाळवून चालू झालेला, पुढच्या पोर्टला कीबोर्ड व्यवस्थित चाले, पण त्याच पोर्टला पेनड्राइव्ह लावला की सेटअप दर वेळी तीस टक्क्यांच्या आसपास अडायचा. दोन पेनड्राइव्ह बदलले, रॅम बदलली. शेवटी बॅटरी मारून पोर्टच्या आत बघितलं तर निळ्या जिभेवर गाळाची पापडी धरलेली, जादाच्या पत्र्यांतला एक हिरवा पडलेला. यूएसबी ३ ला नेहमीच्या चार पत्र्यांशिवाय आणखी पाच असतात. कीबोर्डला नेहमीचे चार पुरतात, म्हणून तो चालायचा. मागच्या पोर्टला लावलं, वीस मिनिटांत काम झालं. तुमच्या लॅपटॉपला पूर लागला नसेल, पण बेदाण्याच्या शेडमध्ये वापरता म्हणालात, धूळ असणारच. हब लावू नका. आणि जत्रेत दोनशे रुपयांत मिळालेला '२५६ जीबी' वगैरे असेल तर तो या कामाला घेऊ नका. आत ८ जीबीची चिप आणि वर खोटा आकडा असले नग मी काउंटरवर तपासलेत.

सेटअपमध्ये एक फसगत होते. डिस्कच्या पानावर सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत. 'ड्राइव्ह ०, पार्टिशन ३' असं दिसतं. म्हणून आधी विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडून कोणत्या पार्टिशनचा आकार किती ते कागदावर लिहून ठेवा. सी चा आकार जुळला की फक्त तेवढंच फॉरमॅट करा आणि तिथंच टाका. शंभर-दोनशे एमबीचं सिस्टिम पार्टिशन दिसेल, त्याला हात लावू नका. त्या पानावर डिस्कच दिसली नाही तर ती व्हीएमडीची (इंटेलच्या डिस्क-कंट्रोलरच्या सेटिंगची) भानगड, पण ती अकराव्या पिढीपासून पुढं, तुमच्याकडं यायची नाही. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडं की नाही' म्हणा आणि होम असेल तर होमच निवडा. लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, नेट लागलं की आपोआप येतं.

पहिली कॉपी संपून मशीन रीस्टार्ट होईल. स्क्रीन काळी झाली की पेनड्राइव्ह उपसून घ्या. नाहीतर काही मशीन पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होतात, भाषा निवडायचं पान परत येतं आणि माणूस बिचारा तीनतीनदा तेच विंडोज टाकत बसतो.

लिगसी काढल्यावर पहिल्या स्क्रीनवर काय येतं त्याचा फोटो टाका. रात्री दहापर्यंत मी बघतो.