जिम लावली म्हणून चिवडा, थालीपीठ सोडायचं का?

तुम्ही विचारलंय की ट्रेनरने चिवडा, थालीपीठ, पोहे सगळंच बंद करायला सांगितलंय, तर खरंच सोडावं लागेल का? माझ्या मते मुळीच नाही. मी तीन वर्षं नेमाने व्यायाम करतोय आणि आमच्या घरी चारच्या चहाबरोबर काहीतरी खाणं आजही चुकत नाही. पदार्थ तेच राहिले, तेल मात्र आम्ही मोजून घालायला लागलो.

चिवड्याचंच घ्या. आई अर्धा किलो पातळ पोह्यांना अंदाजाने पळीपळीने तेल घालायची. एका दिवाळीत मी म्हटलं, कढईत घालण्याआधी ते वाटीत काढून बघू. वाटी काठोकाठ भरली. आमची वाटी 150 मिलीची, म्हणजे नुसत्या तेलाच्या 1200 हून जास्त कॅलरी! आता पोहे दोन तास उन्हात ठेवतो, मग कोरड्या कढईत मंद आचेवर हलवत राहतो. चिमटीत धरल्यावर कुरकन मोडले की झाले. ते आधीच कुरकुरीत असल्यामुळे फोडणीला पोहे खायच्या चमच्याने चार चमचे तेल पुरतं. हळद-तिखट पोह्यांना लागण्यापुरतंच त्याचं काम. खोबऱ्याचे काप कमी आणि डाळं दुप्पट. आईने पहिला घास खाऊन ‘पुढच्या वेळी हिंग जरा जास्त घाल’ एवढंच सांगितलं.

डबा मात्र हातात घेऊन बसू नका. वाटीत काढा आणि झाकण लावून डबा वर ठेवून द्या. चकली-शंकरपाळ्यांचंही तसंच: सणाला जेवणानंतर दोन-तीन खाव्यात, रोजच्या चहाबरोबर नकोत.

थालीपीठ तर मला कुठल्याही प्रोटीन बारपेक्षा जवळचं वाटतं. भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते. माझ्या एका थालीपिठाला साधारण 60 ग्रॅम भाजणी लागते. त्यात भरपूर कांदा-कोथिंबीर घालून ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, मधल्या भोकात आणि कडेने मिळून एकच लहान चमचा तेल सोडायचं, वर झाकण. वाफेवर छान शिजतं. सोबत लोण्याऐवजी घट्ट दही घ्या.

फुटाणे आणि शेंगदाणे लोक एकाच पारड्यात टाकतात, ते चूक आहे. दोन्हींत प्रथिनं चांगली, पण 30 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 170 कॅलरी असतात आणि तेवढ्याच फुटाण्यांत जवळपास 110. वजन उतरवायचं असेल तर रोज फुटाणे खा, शेंगदाणे मोजून.

एकादशीची साबुदाणा खिचडी ही खरी अडचण. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात वर दाण्याचं कूट आणि तूप. मी त्या दिवशी भगर, पातळ दाण्याची आमटी आणि ताक घेतो. खिचडी खायचीच झाली तर एक वाटी, आणि तीही दुपारच्या जेवणाच्या जागी.

तुमचा व्यायाम संध्याकाळी असेल तर त्याच्या दीड-दोन तास आधी थालीपीठ-दही खा. घरी आल्यावर मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, वर कच्चा कांदा आणि लिंबू. फरसाण नको. उसळीसाठी मटकी आदल्या दिवशी सकाळीच भिजत घाला, संध्याकाळी उपसून फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशीपर्यंत छान मोड येतात.