केकमध्ये चालतं, मग ओढलं तर काय होतं?

"फ्लेवर तर मी रोज केकमध्ये घालते. खाल्लेलं चालतं, मग ओढल्याने एवढं काय होणार?" नाशिकच्या सिडकोत घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. मुलगा वीस वर्षांचा, बी.कॉम. करता करता पोलीस भरतीची तयारी करणारा. त्याच्या बॅगेत त्यांना हायलायटर पेनासारखी दिसणारी, आंब्याचा वास येणारी एक वस्तू सापडली. ती होती व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. "नुसती वाफ आहे, निकोटीन नाही त्यात," असं मुलाने सांगितलं. ताईंना ते पटलंही आणि नाहीही. दोन महिने त्याचा कोरडा खोकला हटत नव्हता, आणि पहाटे गोल्फ क्लब मैदानावरून धावून आला की त्याच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. (ओळख पटू नये म्हणून घरचे तपशील बदलले आहेत.)

ताईंचा प्रश्न रास्त आहे. समुपदेशनाला येणारे बरेच पालक तो या ना त्या शब्दांत विचारतात, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

खाण्याच्या सुगंधाला सुरक्षित म्हणतात ते गिळण्यापुरतं. पोटात गेलेला पदार्थ आतड्यातून आधी यकृतात जातो आणि बरीचशी रसायनं तिथेच मोडली जातात. फुफ्फुसाच्या वाटेवर असा बंदोबस्त नाही. वायुकोशांची, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांची, भिंत एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असते आणि सगळे वायुकोश उलगडले तर साधारण ७० चौरस मीटर जागा भरते. आत ओढलेलं काहीही क्षणात रक्ताला भिडतं, आणि तिथे पोचेपर्यंत श्वासनलिकांच्या नाजूक अस्तराला घासून जातं.

याचा धडा बटर फ्लेवरनेच दिला. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, जॅस्पर गावच्या पॉपकॉर्न कारखान्यात पूर्वी काम केलेल्या आठ जणांना एकच दुर्मीळ आजार झाल्याचं उघड झालं. सर्वांत बारीक श्वासनलिका सुजून, त्यांवर व्रण धरून त्या कायमच्या आकसल्या होत्या. गरम तेलाच्या टाकीत बटर फ्लेवर मिसळणाऱ्या कामगारांना सर्वाधिक त्रास झाला होता. त्या फ्लेवरमधल्या डायअ‍ॅसिटिल नावाच्या रसायनाची वाफ ते रोज हुंगत होते. पॉपकॉर्न लंग हे नाव तिथून आलं. पुढे २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ फ्लेवर तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल सापडलं.

हे ऐकून ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे त्याला तोच आजार झालाय का? आणि माझं काय, मी तर रोज इसेन्स हाताळते?" त्यांची काळजी आधी मिटवली. पिठात चार थेंब टाकून केक भाजणं आणि तापलेल्या टाकीवर पाळ्या भरणं यांत फार अंतर आहे. खिडकी उघडी ठेवा, बाटली नाकाशी धरू नका, एवढं पुरे. मुलाबद्दलही खरं तेच सांगितलं. व्हेप ओढणाऱ्यांमध्ये नेमका हाच आजार सिद्ध झाल्याची उदाहरणं जवळपास नाहीत, आणि डायअ‍ॅसिटिल सिगारेटच्या धुरातही असतं, तेही जास्त. मोबाइलवर फिरणारे 'पॉपकॉर्न लंग'चे व्हिडिओ दाखवून मुलाला घाबरवू नका. तो शोधेल, त्यात अतिशयोक्ती सापडेल, आणि मग तुमचं उरलेलं खरंही तो ऐकणार नाही. त्याच्या छातीत जे चाललं असण्याची शक्यता आहे ते रोजचं आणि जास्त साधं आहे, म्हणूनच ते सुटून जातं.

त्या वस्तूच्या आत एक छोटी बॅटरी, धातूची गुंडाळी म्हणजे कॉइल, तिच्याभोवती कापूस आणि कापसात भिनलेलं द्रव असतं. द्रवाचा मोठा भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, वर सुगंधी रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटीन. पफ म्हणजे झुरका ओढला की कॉइल तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब होतात. मुलं वाफ म्हणतात ती पाण्याची वाफ नसते, ते हे थेंब असतात. कापूस सुकत आला की कॉइल जास्त तापते आणि घशात जळकट चव येते. त्या वेळी ग्लिसरीन आणि ग्लायकॉल मोडून अ‍ॅक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी झोंबणारी द्रव्यं तयार होतात. 'संपत आलंय, शेवटचे दोन मारून घेतो' हे पफ म्हणूनच सर्वांत वाईट. कॉइलमधून निकेल, क्रोमियमसारखे धातूही थोडेथोडे सुटतात.

फ्लेवरचा त्रास आणखी वेगळा. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांचं अस्तर असतं, ते सतत लाटेसारखं हलून कफ आणि धूळ वर ढकलतं. दालचिनीच्या चवीचं सिनामाल्डिहाइड हे केस मंदावतं, असं प्रयोगशाळेत माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशींवर दिसलं आहे. चेरीच्या चवीचं बेंझाल्डिहाइड, दालचिनीचं हेच रसायन आणि व्हॅनिलिन ही बाटलीत नुसती पडून असतानाही ग्लायकॉलशी जुळून नवी संयुगं बनवतात. ती बाटलीवर कुठे लिहिलेली नसतात, पण श्वासनलिकेतल्या झोंबण्याच्या संवेदना ती चाळवतात. 'आइस' लिहिलेल्या प्रकारात थंडावा देणारी रसायनं असतात. घसा खवखवून जो इशारा देतो तोच ती दाबून टाकतात, आणि माणूस आणखी खोल ओढतो.

मुलाशी दुसऱ्या दिवशी एकट्याशी बोलणं झालं. आईसमोर पहिल्या भेटीत कुणी आकडे सांगत नाही. "तू ओढतोस का?" हे त्याला विचारलंच नाही. "सकाळी उठल्यावर पहिला पफ किती वेळाने लागतो?" असं विचारलं. उत्तर आलं, "ब्रश करायच्या आधी." हे एक उत्तर पाकिटावरच्या मजकुरापेक्षा जास्त सांगतं. निकोटीन नसतं तर झोपेतून उठल्याउठल्या तलफ आली नसती. रात्रभरात रक्तातलं निकोटीन उतरतं आणि मेंदू पहाटे वसुलीला येतो. रिकामं डिस्पोजेबल, म्हणजे संपलं की फेकून द्यायचं व्हेप, त्याच्या खिशातच होतं, तळाला बारीक अक्षरांत ५ टक्के लिहिलेलं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम निकोटीन. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. शिवाय या द्रवात निकोटीन सॉल्टच्या रूपात असतं, त्यामुळे इतकं जास्त असूनही घशाला डसत नाही.

ज्यांवर 'झिरो' छापलेलं असतं त्यांचाही भरवसा धरू नका. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. इथे मिळणारा प्रत्येक नग चोरून आलेला असतो, आत काय भरलंय ते तपासणारं कुणी नाही. सिगारेट सोडण्यासाठी प्रौढांना हे उपकरण सुचवणारे देश आहेत हे खरं, पण तिथे द्रवावर नियम आहेत. आणि ज्याने आयुष्यात सिगारेट ओढली नाही अशा मुलाला त्यातून मिळण्यासारखं काहीच नाही.

मुलाला मात्र आजारापेक्षा पोलीस भरतीतल्या १६०० मीटर धावण्याची चिंता होती. शेवटच्या फेरीत छाती आवळते, वेळ वाढत चाललीय, हे त्याने आपणहून सांगितलं. तिथून बोलणं पुढे गेलं. लहानपणी बालदमा होता का विचारल्यावर म्हणाला, "होता, पण सातवीत गेला." बालदमा असलेल्या श्वासनलिका पुढेही हळव्या राहतात. थंडीतली पहाटेची कोरडी हवा, धावताना तोंडाने घेतलेला श्वास आणि त्यावर दिवसभराचे पफ, एवढं पुरतं.

छातीच्या डॉक्टरांकडे जाताना काय सांगायचं ते त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं: व्हेप किती महिने, दिवसाचा अंदाज, कोणता फ्लेवर, शेवटचा पफ कधी, गांजाचं तेल असलेलं काही ओढलं का. या शेवटच्या प्रश्नाला कारण आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुफ्फुसाला तीव्र इजा होऊन फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांतले मृत्यू ६८. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची उपकरणं वापरली होती, आणि तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुफ्फुसातल्या द्रवात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. द्रव दाट करायला ते मिसळलं जात होतं. त्वचेच्या क्रीममध्ये आणि गोळ्यांमध्येही ते चालतं, हे ताईंच्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, ऑक्सिजन पाहिला (तो नीट होता) आणि स्पायरोमेट्री केली. नळीत जोरात फुंकायचं, मग इनहेलर घेऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दुसऱ्या वेळी १२ टक्क्यांहून जास्त आणि २०० मिलिलिटरच्या वर वाढली. म्हणजे नलिका आवळलेल्या होत्या आणि औषधाने सुटत होत्या. दम्याने पुन्हा डोकं वर काढलं होतं. ही बातमी वाईट वाटली तरी त्यातल्या त्यात बरी, कारण याला उपचार आहे. इथे एक सांगायला हवं: स्पायरोमेट्री नॉर्मल आली तरी ती ओढायची परवानगी नव्हे. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नलिकांची इजा या तपासणीत सुरुवातीला उमटत नाही.

सोडण्याची योजना त्याच्यासोबत बसून केली. सिगारेटचं पाकीट संपतं, मोजता येतं. डिस्पोजेबल दिवसभर हातात असतं आणि कधी ओढलं हे कळतही नाही. त्यामुळे 'रोज थोडं कमी कर' हा सल्ला इथे फसतो. आधी वेळ आणि जागा बांधून घेतल्या: अंथरुणात नाही, बाथरूममध्ये नाही, बाइकवर नाही, आणि पहिला पफ उठल्यानंतर तासाभराने. असा आठवडा काढला आणि ठरल्या तारखेला पूर्ण बंद. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तलफ येत असेल तर डॉक्टर सहसा निकोटीन गमची ४ मिलिग्रॅमची गोळी देतात, नाहीतर २ ची. त्याला ४ ची दिली. हा गम च्युइंगमसारखा चघळत सुटलात तर उचकी, मळमळ, जळजळ होते आणि लोक 'सोसत नाही' म्हणून सोडून देतात. सावकाश चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायचा. एक गम अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नाही, आंबटामुळे निकोटीन तोंडात शोषलं जात नाही. मूल अठराच्या आतलं असेल तर हा गम डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, झोपमोड, सारखी भूक. तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंड आणि हात गुंतवायचे: पाणी, बडीशेप, जिना उतरून पुन्हा चढणं. ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं की या दिवसांत तो उलट बोलेल, तेव्हा ते मनाला लावून घेऊ नका आणि बॅग तपासू नका. घरी लघवीची तपासणी करायचा विचार त्यांच्या मनात होता. तो सोडायला लावला. गम चालू असताना ती तशीही निकोटीनच दाखवणार, आणि पोलिसी तपास सुरू झाला की मुलगा घरी खरं बोलायचा थांबतो.

तो एकदा घसरलाच. कॉलेज रोडच्या कट्ट्यावर मित्राने पुढे केलं, 'एकच घे' म्हणून. ते लपवलं नाही, हीच जमेची बाजू. कुठे, किती वाजता, कोण सोबत, पोट रिकामं होतं का, एवढं लिहून घेतलं आणि दोन आठवडे संध्याकाळची भेट कट्ट्याऐवजी मैदानावर ठरवली. इनहेलर आणि गम चालूच ठेवले. छातीची शिट्टी आधी थांबली, खोकला रेंगाळला. काहींचा तो सोडल्यावर सुरुवातीला वाढतोही. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा फुंकायला बोलावलं आहे.

घरातलं उरलेलं उपकरण घंटागाडीत टाकू नका. आत लिथियम बॅटरी असते, दाबली गेली तर पेट घेते, आणि निकोटीनचं द्रव लहान मुलाने चाटलं तर विषबाधा होते. फोडू नका, जाळू नका; टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आणि व्हेप ओढणाऱ्या मुलाला ताप, धाप आणि सोबत उलट्या किंवा पोटदुखी असेल, किंवा बोटाच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९४ किंवा त्याखाली दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हे न्यूमोनियासारखंच दिसतं आणि घरचे व्हेपचं बोलत नाहीत, म्हणून निदानाला उशीर होतो. गेल्या तीन महिन्यांत ओढलं असेल तर स्पष्ट सांगा. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. मुलाने स्वतः फोन केलेला सर्वांत चांगला, पण पालकांनी केला तरी चालतो.