साडेनऊ हजारांचा एसएमपीएस आणि मोडायची एफडी
सिडकोतल्या एका वाचकाचं पत्र आहे. अंबडच्या कंपनीत नोकरी, शनिवार-रविवारी लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग. घरी कॉम्प्युटर असेंबल करायचाय. दुकानदाराचं कोटेशन 78,000 चं, त्यात 29,000 चं आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड आणि 9,500 चा 850 वॉटचा गोल्ड एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा. हातात 46,000 आहेत. उरलेल्यासाठी 1,20,000 ची एफडी मोडू का, असं ते विचारतात. घरखर्च महिन्याला 38,000.

एफडी मोडू नका. ती अडीअडचणीसाठीचा तुमचा जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च आहे, मशीनसाठी नाही. नो-कॉस्ट ईएमआयच्याही नादी लागू नका. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी शेवटी तुमच्याच माथी येतो.

आता एसएमपीएस. 4060 कार्ड खातं 115 वॉट, प्रोसेसर 65 वॉटचा, पण जोरात चालला की थोडं जास्तच ओढतो. रॅम, एसएसडी, पंखे धरूनही पूर्ण लोडला 250 च्या आसपास. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडिया स्वतः त्याला 550 वॉटचा एसएमपीएस सुचवते. मग 850 कशाला? गोल्ड म्हणजे वीज कमी वाया घालवणारा दर्जा, ब्रॉन्झ त्याच्या खालचा. गोल्डमुळे वीज वाचते, हे खरं. किती? 250 वॉटच्या लोडला ब्रॉन्झ भिंतीवरच्या सॉकेटमधून साधारण 294 ओढेल, गोल्ड 278. रोज पाच तास, वर्षात 300 दिवस धरले, तर 24 युनिट. दहा रुपये युनिटने 240 रुपये! कोटेशनमध्येच 550 वॉटचा ब्रॉन्झ 4,200 ला आहे. वरचे 5,300 वसूल व्हायला बावीस वर्षं लागतील.

पण कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएसही घेऊ नका. आमच्या ऑफिसात एक होता. पावसाळ्यात लाईट गेली, आली, फट्कन आवाज, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. वाचवले होते दोन हजार. चांगल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा ब्रॉन्झ घ्या, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. घरातलं अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या बांधकामात ते बऱ्याचदा नावालाच असतं.

कार्ड आत्ता नको. प्रोसेसर इनबिल्ट ग्राफिक्सचा, रायझन 5 5600जी घ्या; भावात फारसा फरक पडणार नाही. स्वस्त एसएमपीएस धरून, कार्ड वगळून बिल 43,700 पर्यंत येतं. फुल एचडीचं काम त्यावर निघतं, फोर-के मात्र रडतं. या जूनपासून महिन्याला 6,000 बाजूला टाका. ऑक्टोबरअखेर 30,000 होतात आणि तुळशीचं लग्न लागून तुमचा सीझन सुरू व्हायच्या आत कार्ड बसतं. एसएमपीएस तेव्हा बदलावा लागणार नाही, म्हणूनच तो आत्ता नीट घ्यायचा.