.308 रायफलसाठी सगळ्यात टिकाऊ ब्रास (काडतुसाची पितळी पुंगळी) कोणतं? दहा-बारा वेळा रीलोड होईल (झाडून पुन्हा भरता येईल) असं सुचवा.

लापुआ कंपनीचं घ्या. झालं उत्तर. पण पाचव्या वेळी पुंगळी तुटली तर कंपनीला शिव्या घालू नका. मी घातल्या होत्या, म्हणून एवढं लिहितोय.

बोल्ट ॲक्शन .308 साठी मी एका नावाजलेल्या कंपनीचं महागातलं ब्रास घेतलं होतं. पाचव्या भरणीतला एक बार झाडला, बोल्ट मागे ओढला, तर बाहेर आलं नुसतं बूड. पुंगळीचा बाकीचा भाग चेंबरमध्येच (नळीत काडतूस बसतं त्या जागी) अडकला होता. ज्यांच्याकडून मी रीलोडिंग शिकलो ते ज्येष्ठ शेजारीच उभे होते. त्यांनी बूड हातात घेतलं आणि निकाल दिला, "लॉट खराब आहे."

मला ते पटेना. घरी येऊन बारीक तारेचं टोक वाकवलं आणि त्याच डब्यातल्या उरलेल्या पुंगळ्या आतून चाचपल्या. बुडाच्या जरा वर, जिथे भरीव भाग संपून भिंत सुरू होते, तिथे तार अडकत होती. एकीत नाही, बहुतेक सगळ्यांत. एक पुंगळी करवतीने उभी चिरली. आतून गोल फिरलेली खाच, तेवढ्या जागी भिंत कागदासारखी. बाहेरून त्याच उंचीवर पुसटशी चकचकीत रेघ होती. ती मी आधीही पाहिली होती, पण डायचा (झाडलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याचा) ओरखडा समजून सोडून दिली होती.

दोष माझ्या डायच्या सेटिंगचा होता. 'शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकेपर्यंत डाय खाली घे, मग आणखी पाव फेरा खाली दे' हे मला शिकवलं गेलं होतं आणि डायच्या कागदावरही तेच छापलेलं असतं. माझा चेंबर जरा लांब. त्यामुळे दर वेळी शोल्डर (नेक म्हणजे पुंगळीच्या मानेखालचा उतार) आठ थाऊ, म्हणजे इंचाचे आठ हजारांश, मागे ढकलला जात होता. बार उडाला की पुंगळीची पुढची भिंत चेंबरला घट्ट धरते आणि बूड मात्र बोल्टपर्यंत मागे सरकतं. मधलं पितळ ताणलं जातं, तेही दर वेळी त्याच जागी. मग ब्रास सोन्याचं का असेना.

आता मी झाडलेली पुंगळी कंपॅरेटरने (बुडापासून शोल्डरपर्यंतची लांबी मोजायच्या साधनाने) मोजतो आणि शोल्डर दोन थाऊच मागे जाईल अशी डाय लावतो. सेमी-ऑटोला तीन-चार लागतात. या हिशेबाने साध्यातल्या साध्या ब्रासच्या अकरा भरण्या झाल्या. नंतर नेक फुटायला लागले, कारण ॲनीलिंगचा (पितळ तापवून मऊ करण्याचा) मी आळस केला होता. (ॲनीलिंग नेक आणि शोल्डरपुरतंच. बूड तापवून मऊ केलं तर ती पुंगळी भंगारात.)

मग महाग ब्रासचे पैसे कशाचे? मुख्यतः प्रायमर पॉकेटचे, म्हणजे बुडात ठिणगी देणारी टोपी (प्रायमर) बसते त्या खळग्याचे. बूड कडक असलं की पॉकेट लवकर सैल होत नाही, आणि एकदा सैल झालं की त्यावर इलाज नाही. लापुआचं .308 लहान प्रायमरचं पाल्मा ब्रास याच बाबतीत सरस, कारण छोट्या पॉकेटभोवती धातू जास्त राहतो. पण लोड मॅन्युअलच्या शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवायचा आणि वर पॉकेट टिकत नाही म्हणून रडायचं, याला अर्थ नाही.

अमोनिया असलेल्या पॉलिशने पितळ चमकवू नका. ब्रिटिश फौजेच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली काडतुसं आपोआप तडकत. कारण होतं मुतातून निघणारा अमोनिया.

हे आधीच सांगायला हवं होतं: लष्करी 7.62 च्या पुंगळ्या फुकट मिळाल्या तर घ्या, पण त्यांची भिंत बहुधा जाड असते, आत जागा कमी, दाब वाढतो. दारू कमी करून पुन्हा खालून वर या. प्रायमरभोवतीचा क्रिंपही (प्रायमर निसटू नये म्हणून दाबलेली कड) काढावा लागतो. आणि तारेला खाच लागलेली पुंगळी 'अजून एकदा' म्हणून भरू नका.

ती चिरलेली पुंगळी मी ज्येष्ठांना नेऊन दाखवली होती. म्हणाले, "ही तर तुझ्या करवतीची रेघ." करवत उभी चालली होती. खाच आडवी आहे.